ऑक्सिजनचे प्लांट बसले. तो कमी झाल्याचं ओळखणार कोण?

दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने ऑक्सिजनचा धसका घेतला, आणि घ्यायलाच हवा होता. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या महिन्यात गावोगावचे लोक सिलिंडरच्या रांगेत उभे होते. पुढे जिल्हा रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे पीएसए प्लांट बसले, टाक्या आल्या, फिती कापल्या गेल्या, कोनशिला लागल्या. आता ऑक्सिजनबद्दल सरकारला काहीही विचारा, उत्तर मेट्रिक टनांत येतं.

मला विचारायचंय ते टनांत मोजता येत नाही. पेशंट त्या टाकीपर्यंत पोहोचतो केव्हा? फुप्फुसं बिघडायला लागल्यापासून दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबेपर्यंतचे तास घरात जातात. 'थोडा कफ झालाय', 'रात्रभर जागरण झालं म्हणून ग्लानी आहे', 'वाफ घे, विक्स चोळ, सकाळी बघू'. या तासांत कुठलाही प्लांट कामाचा नसतो. कामाचा असतो तो घरातला, शेजारचा किंवा गावातला असा कुणीतरी, ज्याला समोरच्याचा श्वास बघून 'हे काही बरोबर दिसत नाही' एवढं कळतं. अशी माणसं तयार करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे आणि ते आपण अर्धवट सोडलंय, असं माझं म्हणणं आहे. यंत्रांवर खर्च झाला, नजरेवर झाला नाही.

विशेष म्हणजे याच राज्याने हे काम एकदा करून दाखवलं होतं. १५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई, अंगणवाडी सेविका, स्वयंसेवक ताप मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. जिला शाळेची पायरी माहीत नव्हती ती आजीसुद्धा बोट पुढे करून 'किती आला गं?' विचारू लागली. ९५ म्हणजे बरं, ९४ च्या खाली गेलं की दाखवायला जायचं, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बोट लावायचं, हेही लोक शिकले. एखादी आरोग्यविषयक गोष्ट इतक्या लवकर इतक्या घरांत पोहोचल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण ती शिकवण कोरोनाला चिकटली आणि कोरोनाबरोबर गेली. ऑक्सिमीटर कपाटात गेला. आज काढून बघितला तर आतले सेल फुटून पांढरी पूड साचलेली असेल. जणू रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याचा मक्ता एकाच विषाणूकडे होता! न्यूमोनिया, दमा, चुलीच्या धुराने आणि विडीने निकामी झालेली फुप्फुसं, हृदय थकल्यामुळे छातीत साचणारं पाणी, या सगळ्यांत तो कमी होतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला ताप येऊन छातीत दुखू लागलं तर तोच धोका असतो. कोकणात विंचू चावल्यावर फुप्फुसांत पाणी होऊन माणसं जात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधं औषध वापरून त्यातले कितीतरी जीव वाचवले. मण्यार चावलेला माणूस तर धापासुद्धा टाकत नाही. त्याच्या पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास उथळ होत जातो, आणि घरच्यांना वाटतं झोप लागली.

शरीर अशा वेळी आरडाओरडा करील, ही आपली समजूत मुळातच चुकीची आहे. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे चिमुकले अवयव मानेतल्या मोठ्या रोहिण्यांपाशी असतात खरे, पण ते जोर धरतात तो रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली गेल्यावर, म्हणजे ऑक्सिमीटरवर ९० च्या आसपास आकडा आल्यावर. कोरोनात कित्येकांची फुप्फुसं ऑक्सिजन आत घेऊ शकत नव्हती, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होती. म्हणून ८० वर आलेला माणूस खाटेवर बसून फोनवर बोलत असे. त्याला काहीच होत नव्हतं, असं घरचे नंतर सांगत. होत होतं, त्याला जाणवत नव्हतं.

दुसरी गोष्ट घसरणीच्या वेगाची. ऑक्सिजनचा दाब १०० वरून ७० वर आला तरी बोटावरचा आकडा ९८ वरून ९४ पर्यंतच उतरतो. तोच दाब पुढे ६० वरून ४० वर गेला की ९० चे ७५ होतात. वरची वाट सपाट, खाली कडा. त्यामुळे 'आत्ता ९१ आहे, उद्या नेऊ' हे वाक्य धोक्याचं. ९१ म्हणजे शंभरातले ९१ गुण नव्हेत.

मग बघायचं काय? आपल्याकडे आरोग्याच्या तक्त्यांवर, माहितीपत्रकांत पहिली खूण बहुधा ओठ निळे पडण्याची असते. ही खूण मला सगळ्यात जास्त खटकते. ती उशिरा दिसते, आणि आपल्या लोकांत तर कधीकधी दिसतच नाही. निळसरपणा येतो तो ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमुळे. असं हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण पाच ग्रॅम झालं की रंग डोळ्यांना दिसू लागतो. ज्याचं एकूण हिमोग्लोबिन पंधरा आहे त्याच्या बाबतीत हे ठीक. पण जिचं सहा-सातवर आलंय, ती निळी दिसायला तिच्या बहुतेक रक्तातला ऑक्सिजन संपायला हवा, आणि तोवर ती हाती लागेल की नाही याची शंकाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सगळ्यांचाच रक्तक्षय इतका तीव्र नसतो, हे मान्य. पण सर्वाधिक धोका असलेल्या बाईला आणि बाळालाच ही खूण दगा देणार, हे उघड आहे. त्यात कातडी सावळी. बघायचंच असेल तर जीभ आणि ओठांची आतली बाजू बघावी, तीही उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे. पण निळं पडण्याची वाट बघणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं.

बरं, डोळ्याला दिसत नाही तर यंत्र आहे ना? आहे, आणि फार हुशार यंत्र आहे. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागची कल्पना मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे आणि नाडीच्या ठोक्यागणिक किती शोषले गेले यावरून रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय ते काढायचं. सुई नाही, रक्त नाही. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग त्यांचं यंत्र बोटाला लावायला धावत असताना, आओयागी वारले. पण यंत्र सांगतं ते नेमकं काय, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. ते टक्केवारी सांगतं, प्रमाण नाही. हिमोग्लोबिन सहा असलेल्या बाईचा आकडा ९८ येईल, आणि तरीही तिच्या शरीराला पोहोचणारा ऑक्सिजन धडधाकट माणसाच्या निम्म्याहून कमी असेल. आकडा खरा, दिलासा खोटा.

रंगाचा प्रश्न यंत्रालाही सुटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी एक तुलना छापली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त प्रत्यक्ष तपासलं तर ऑक्सिजन ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं. काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये उत्पादकांसाठी जो मसुदा काढला त्यात निरनिराळ्या वर्णांच्या जास्त लोकांवर चाचण्या घ्या, असं सुचवलं. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटरच्या विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा आली, ते चांगलंच झालं, किंमत उतरली. पण सावळ्या बोटावर हे यंत्र किती चुकतं, हा प्रश्न सर्वात आधी आणि सर्वात मोठ्याने भारताने विचारायला हवा होता. आपण व्हिडिओ बघत बसलो, पेनाला ऑक्सिमीटर लावला तरी ९८ येतात म्हणून.

आणि एका ठिकाणी तर हे यंत्र पार फसतं. थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या आपल्या शहरांतून येत राहतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला जाऊन बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. साध्या ऑक्सिमीटरला मात्र दोघांतला फरक कळत नाही. बोट लावलं तर ९९! तिथे खूण आकड्यात नसते, प्रसंगात असते. बंद खोली, पेटलेला गॅस किंवा कोळशाची शेगडी, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी तोच त्रास. आधी दार-खिडक्या उघडून माणसाला बाहेर काढायचं, मग बाकीचं.

म्हणजे डोळाही अपुरा आणि यंत्रही अपुरं. उरतो तो श्वास, आणि माणसाचं वागणं.

वागण्याचं आधी सांगतो, कारण म्हातारी माणसं त्यातच हातची जातात. मेंदूला ऑक्सिजन कमी पडायला लागला की ऐंशीच्या आजोबांना धाप लागेलच असं नाही. ते चिडचिड करतात, गादीवरची चादर ओढत राहतात, दुपारी 'सकाळचा चहा दिला नाही' म्हणतात, मधेच ग्लानीत जातात. घरातले म्हणतात, वय झालं. कुणी म्हणतं, ऊन लागलं. काल ठीक असलेला माणूस आज गोंधळलेला असेल तर ते वय नव्हे. वय एका रात्रीत होत नाही. जोडीला आणखी काही गोष्टी बघता येतात: एका दमात वाक्य पुरं करता येतं का, बोलताना दोन शब्दांवर थांबून श्वास घ्यावा लागतो का, आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणून गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसलाय का, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठतात का. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस. चोवीसच्या वर गेला तर फोन उचलावा, तीसच्या वर गेला तर १०८.

आता श्वास मोजण्याकडे येतो, आणि त्यासाठी गडचिरोलीला जायला हवं.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू केला. लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती, डॉक्टर दूर होते, एक्स-रे त्याहून दूर. तेव्हा गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्याची गोळी द्यायला शिकवलं. स्टेथोस्कोप नाही, ऑक्सिमीटरचं तर नावच नाही. शिकवलं ते मिनिटभर बाळाचा श्वास मोजायला. मोठे आकडे न येणाऱ्या दाईचं काय? तिच्यासाठी एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याला जोडलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या ५८ गावांत हे काम झालं तिथे उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं; तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १३.५ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इकडे ८.१, तिकडे १७.५.

मोजण्याची रीत आज प्रत्येक आशाच्या प्रशिक्षणात आहे. ती अगदी साधी आहे, पण करताना बघितली की कळतं तिथे घाई चालत नाही. बाळ शांत हवं. रडणाऱ्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नाही. झबलं वर घ्यायचं, पोट आणि छाती उघडी. मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि पोट वर आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास कधी भराभर चालतो, कधी क्षणभर थांबतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, एक ते पाच वर्षांचं असेल तर चाळीस: हे आकडे गाठले की श्वास जलद. लहानग्याचं साठच्या वर भरलं तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. मोजता मोजताच बरगड्यांच्या खालच्या कडेकडे लक्ष ठेवायचं. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो का? आणि आईला विचारायचं, पितंय का? ज्या बाळाने दूध सोडलं, जे हलवूनही धड जागं होत नाही, त्याच्यासाठी आकड्याची वाट बघायची नसते.

'बाळाचं पोट उडतंय' हे आपल्या आयांना कळतं. खेड्यातली बाई हेच शब्द वापरते आणि ती नव्वद टक्के वैद्यकीय निरीक्षण करून मोकळी झालेली असते. उरलेले दहा टक्के, म्हणजे हे उडणं धोक्याचं आहे आणि आत्ताच निघायचं आहे, एवढं तिला सांगायचं राहून जातं. ते सांगायला कुणी नसलं की ती भगताकडे जाते. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात. त्यावर शहरात 'अंधश्रद्धा' एवढं म्हणून विषय मिटवला जातो. आईने लक्षण बरोबर हेरलं होतं, तिला पुढची वाट कुणी दाखवली नव्हती, ही बाजू कुणी लिहीत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'सांस' नावाची मोहीम काढली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे तीनच्या खाली आणायचे, मुदत २०२५. आरोग्यवर्धिनी केंद्रांत ऑक्सिमीटर, आशांकडे पहिल्या डोसचं औषध, घरोघर माहिती, कागदावर उत्तम. दरवर्षी १२ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ती चालते. आता हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी 'सांस'चं नाव ऐकलंय? पोलिओचे 'दो बूंद' सगळ्यांना ठाऊक आहेत. श्वास मोजायचं मिनिट कुणालाच ठाऊक नाही.

डॉक्टरांनीही इथे फार मान ताठ ठेवू नये. सरकारी असो वा खासगी, वॉर्डातला केसपेपर उघडून बघा. नाडी ८४, ९६, ११० अशी हलत असते, ताप हलतो, बीपी हलतं. श्वासाच्या रकान्यात मात्र १८, १८, २०, १८. एवढा नेमाने श्वास घेणारा पेशंट निरोगी लोकांतही मिळायचा नाही. कारण सरळ आहे: नाडी, बीपी, ऑक्सिजन यंत्र सांगतं; श्वास मात्र कुणीतरी खाटेशेजारी मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर ती चाळीस मिनिटं आणणार कुठून? पण ज्या रकान्यात सगळ्यात आधी बिघाड दिसायचा, तोच आपण अंदाजाने भरतो, हे खरं आहे. नंदुरबारमध्ये कोरोनाच्या काळात 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या. कुणाला किती ऑक्सिजन लागतोय, कुठे वाया जातोय, हे बघत फिरणं हेच त्यांचं काम. त्याचं कौतुक राज्यभर झालं. लाट ओसरल्यावर ती कल्पना मोठ्या वॉर्डांत कायम ठेवायला काय हरकत होती?

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो, की लोकांना इतकं सांगितलं तर ते घाबरतील आणि ९५ दिसले तरी दवाखान्यात गर्दी करतील. २०२१ मध्ये ती गर्दी झालीही होती. पण ती माहिती जास्त झाल्याने झाली नाही, अर्धी दिल्याने झाली. थंड पडलेल्या बोटावर, गडद नेलपॉलिशवर किंवा काळ्या मेंदीवर लावलेलं यंत्र काहीही दाखवतं. हात चोळून गरम करायचे, बोट स्थिर ठेवायचं, आकडा थिरावेपर्यंत थांबायचं, यंत्रावरचे ठोके आणि मनगटावरची नाडी जुळतात का बघायचं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावायचं. एवढं शिकवलं असतं तर निम्मी धावपळ वाचली असती. शिवाय प्रत्येकाचा आकडा एक नसतो. ज्यांची फुप्फुसं धुराने जुनी झाली आहेत अशा काही रुग्णांसाठी डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ हेच लक्ष्य धरतात. त्यांना घरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं छोटं यंत्र, जोरात लावून ९९ वर नेणं अंगाशी येऊ शकतं. सुट्टीला लेहला विमानाने उतरणाऱ्या मराठी पर्यटकांचंही तसंच. साडेतीन हजार मीटरवर पहिल्या दिवशी ८८ दिसले म्हणून कुणी कोसळत नाही. पण बसल्या जागी धाप, सरळ रेषेत चालता न येणं, छातीत घरघर आणि फेसाळ खोकला दिसला तर आकडा न बघता खाली उतरायचं असतं. केदारनाथलाही हेच. टूरवाले पिशवीत ऑक्सिजनचा डबा देतात, उतरायचं केव्हा ते सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हे सगळं पुन्हा आशांच्याच डोक्यावर? बरोबर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत याच आशा मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. माता, बाळं, क्षय, कुष्ठ, सर्वेक्षणं, आणि प्रत्येकाचं वेगळं ॲप. त्यांच्या यादीत आणखी एक ओळ फुकटात घालायला माझा विरोध आहे. श्वास मोजला, खूण ओळखली, वेळेत पाठवलं, याचा मोबदला स्वतंत्र असावा आणि तो फॉर्म भरल्याचा नव्हे, काम केल्याचा असावा. पण भार फक्त त्यांच्यावर का टाकायचा? सातवी-आठवीच्या विज्ञानात श्वसनसंस्थेची आकृती काढून घेतात, फुप्फुसांना गुलाबी रंग देतात. त्याच तासाला शेजाऱ्याचा श्वास मिनिटभर मोजायला आणि घरी जाऊन धाकट्या भावंडाचा मोजायला सांगितलं तर अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, शिक्षकाने ठरवलं की झालं. एसटीच्या वाहकाला, पोलिसाला, सोसायटीच्या वॉचमनला प्रथमोपचार शिकवतात तेव्हा बँडेज बांधायला तास जातो. श्वास बघायला दहा मिनिटं पुरतील.

खर्चाचं कारणही पुढे करता येत नाही. गावातल्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा निर्बंधमुक्त निधी मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी वेगळं अनुदान दिलं, त्यात उपकेंद्रांच्या तपासणी-सुविधाही धरलेल्या होत्या. उपकेंद्रात ऑक्सिमीटर असतोही पुष्कळदा. पण मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटावर बसत नाही. घसरतो, नाहीतर चुकीचं दाखवतो. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून सिस्टरना नव्हे, सरपंचांना विचारावं: बाळांचा प्रोब, म्हणजे बाळांसाठीचा चिमटा, आहे का, सेल कोण आणि कोणत्या पैशातून बदलतं, आणि गेल्या महिन्यात गावातल्या किती आजारी बाळांचे श्वास मोजले गेले. तिसऱ्या प्रश्नाला रजिस्टरमध्ये रकानाच नसेल, तर तो आखून घ्यायचा ठराव त्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्यावा.